पिन घाटावर, शाळा दरीत

"डोळे मिचकावा," असं मोबाइलच्या पडद्यावर आलं. मी मिचकावले. "पुन्हा प्रयत्न करा," असं आलं. मी चष्मा काढला आणि पुन्हा मिचकावले.

घाटाच्या माथ्यावर वारा जोरात होता. केस सारखे तोंडावर येत होते आणि ॲपला तोंडावर केस चालत नाहीत. चहाच्या टपरीवाले अजीजभाई गिऱ्हाइकाला कट चहा देता देता म्हणाले, "मॅडम, जरा डावीकडं सरका. काल शेख सरांची हजेरी तिथंच लागली." मी डावीकडे सरकले, त्यांच्या गॅसच्या सिलिंडरशेजारी उभी राहिले आणि तोंड वर्तुळात धरलं. हिरवी खूण आली. आपण शाळेत उपस्थित आहात.

शाळा तिथून बरीच खाली, दरीत होती. हवा स्वच्छ असली की टपरीवरून तिचे पत्रे दिसतात. मी स्कूटी सुरू केली आणि शाळेत उपस्थित होण्यासाठी कच्च्या रस्त्याने खाली उतरायला लागले.

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. राहते हर्सूलला आणि नोकरी खुलताबादकडच्या डोंगरांत. नोकरीची थोडी वर्षं उरली आहेत आणि गुडघ्यांची त्याहून कमी. शाळेला इथे बाभूळदरी म्हणते. खरं नाव सांगायचं तर आधी वरिष्ठांची परवानगी घ्यावी लागेल आणि परवानगी येईपर्यंत मी निवृत्त होईन. पहिली ते पाचवी असे वर्ग, दोन खोल्या, मी आणि शेख सर असे दोन शिक्षक. मुलं शेतकऱ्यांची. निम्मी मराठा कुटुंबांतली, निम्मी मुसलमान. घरात कुणी काही बोलत असो, पटांगणात सगळी मिळून एकच भाषा बोलतात आणि ती कुठल्याच पुस्तकात नाही.

आता हजेरी टपरीवर का, ते सांगते. सरकारी नकाशात प्रत्येक शाळेच्या जागी एक खूण केलेली असते. तिला आम्ही पिन म्हणतो. शिक्षकाने त्या पिनच्या जवळ उभं राहायचं, चेहरा दाखवायचा, की हजेरी लागते. लांबून लागत नाही, घरून तर नाहीच. कामचुकारांना आळा बसावा म्हणून हे आणलं. कामचुकार आमच्यात आहेत, ते मी नाकारत नाही. फक्त हे सगळं चालायला पिन शाळेवर असावी लागते. आमची अजीजभाईंच्या टपरीवर होती.

झालं असं, की काही वर्षांपूर्वी सगळ्या शाळांच्या जागा नकाशावर नोंदवा, असा आदेश आला. असे आदेश नेहमी 'आज सायंकाळपर्यंत' असतात. आमचे केंद्रप्रमुख गाडेकर साहेब मोटारसायकलवर एकेक शाळा उरकत आले. केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख ठेवणारा अधिकारी. बाभूळदरीत रेंज नाही, कुठल्याच कंपनीची नाही. साहेब मोबाइल घेऊन वर्गात फिरले, पटांगणात फिरले, हापशाच्या कट्ट्यावर चढले. शेवटी घाट चढून वर गेले. टपरीपाशी दोन काड्या रेंज मिळाली आणि त्यांनी बटण दाबलं. आमच्या खात्यात माहिती भरून गेली की काम झालं. ती खरी आहे का, हे विचारणारा कुठलाच रकाना नसतो.

तेव्हा त्याने कुणाचं काही बिघडलं नाही. नंतर हजेरीचं ॲप आलं. शेख सरांनी पहिल्याच आठवड्यात लेखी कळवलं, की पिन चुकीच्या जागी आहे. उत्तर तोंडी आलं. "हजेरी लागते ना? मग लावत जा." मग आम्ही लावत गेलो. सकाळी येताना टपरीवर, संध्याकाळी जाताना टपरीवर. घरी नवऱ्याने विचारलं, "शाळा कशी आहे?" तर मी म्हणायची, "चहा बरा मिळतो."

हे असंच चाललं असतं. पण एक दिवस संध्याकाळी टपरीवर रेंज आली आणि आमच्या केंद्राच्या ग्रुपवर एक यादी पडलेली दिसली. कमी पटाच्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिसळायच्या, त्यांची यादी. पट म्हणजे शाळेत नाव असलेली मुलं. आमचा पट कमी, हे काही गुपित नव्हतं. पण कमी पट असला तरी लहान मुलांना जवळ दुसरी शाळा नसेल, तर शाळा मिटवत नाहीत. पाचवीपर्यंतच्या मुलाला घरापासून एका किलोमीटरच्या आत शाळा हवी, असा नियमच आहे. त्या नियमावर आम्ही इतकी वर्षं निर्धास्त होतो.

यादीत आमच्यासमोर वरच्या गावातल्या मोठ्या शाळेचं नाव होतं. अंतराच्या रकान्यात जो आकडा होता तो एका किलोमीटरच्या बराच आत होता. मी तो दोनदा वाचला. मग मान वर करून पाहिलं. टपरीवरून वरच्या शाळेची कमान समोर दिसते. अंतर बरोबर होतं. टपरीपासून.

"शेख सर," मी म्हटलं, "नकाशात आपल्या शाळेची मुलं घाटाच्या माथ्यावर राहतात."

शेख सर तरुण आहेत, खुलताबादचेच. हुशार आणि स्पष्ट. त्यांनी यादी शेवटपर्यंत वाचली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, खिचडी वाढून झाल्यावर, म्हणाले, "मॅडम, रागावू नका. पण मिसळली शाळा तर इतकं वाईट आहे का?"

"म्हणजे?"

"मी पहिली-दुसरी शिकवतो तेव्हा तुम्ही तिसरी, चौथी, पाचवी एका खोलीत घेता. तिसरीला गणित घातलं की चौथी गप्प बसते, पाचवी खिडकीबाहेर बघते. तुम्ही मीटिंगला गेल्या की पाचही वर्ग माझ्याकडं. मतदार याद्यांचं काम लागलं की दोघंही बाहेर. वर प्रत्येक वर्गाला शिक्षक आहे. कबड्डीची टीम आहे. आपल्या पोरांना टीम माहीत नाही, कारण टीम होण्याइतकी पोरंच नाहीत."

सर खोटं बोलत नव्हते. याच विषयावर चर्चासत्रं होतात, त्यात एका बाजूचे लोक वाडी-वस्तीची शाळा म्हणून गहिवरतात आणि दुसऱ्या बाजूचे गुणवत्तेचे तक्ते दाखवतात. मी दोन्हीकडे मान डोलावून आलेली बाई आहे. थकलेल्या माणसाला दोन्ही बाजू पटतात.

"आणि अल्फिया?" मी विचारलं.

सरांनी खाली पटांगणाकडे पाहिलं. अल्फिया ताटं गोळा करत होती. म्हणजे ती दुसऱ्यांकडून गोळा करवून घेत होती.

अल्फिया तेव्हा चौथीत होती. सकाळचा परिपाठ तीच घेते. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या. आमच्याकडे वर्तमानपत्र येत नाही, म्हणून बातम्या ती वस्तीतल्या सांगते. कुणाची म्हैस व्याली, कुणाची मोटर जळाली. एकदा तिने परिपाठात सांगितलं, "आज मॅडमला यायला उशीर झाला, कारण मॅडमच्या गाडीत हवा नव्हती." गणितात इतकी चलाख, की भागाकार शिकवताना मी फळ्यावर दोन पायऱ्या लिहायची आणि ती मागून उत्तर सांगायची. मग बाकीच्यांना राग यायचा आणि मलाही थोडा यायचा. इतक्या वर्षांत अशी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटतात. ती भेटली की पायांचं दुखणं थोडं कमी वाटतं, हे खरं आहे.

तिच्या घरी मी त्याच दिवशी गेले. आई शाहीन गोठ्यात होती, धाकटा मुलगा कडेवर. नवरा अन्सार मालेगावकडे ट्रकवर असतो, महिना-महिना येत नाही. मी तिला सांगितलं, की शाळा कदाचित वरच्या शाळेत जाईल.

"कोनाची शाळा?"

"आपली."

तिने मुलाला खाली ठेवलं. "वर तर मी नई पाठवायची, मॅडम."

"अगं, गावच आहे. किती पोरं जातात."

"पोरं जातात. पायवाट दोनदा घाटाच्या मोठ्या रोडवर येती. ट्रका येतात, टुरिस्ट लोकांच्या गाड्या येतात. वळनावर कट्ट्यावर रिकामटेकडे पोरं बसतात दिवसभर. मी पन वरच जात होती शाळंला, तवा खाली शाळा नव्हती. दुसरीत होती मी. एक दिवस अब्बानं बघितलं कट्ट्यावरचे लोक काय बोलतेत आमच्या मोठ्या बहिणीला. दोघींची शाळा बंद." ती हे अगदी सरळ आवाजात म्हणाली, काल दूध नासलं म्हणावं तशी. "खाली हाय तोवर शिकंल. वर नाय."

"मग घरी बसवणार?"

"भाई को कौन संभालेगा? बकऱ्या हैत. कामाला काय कमी हाय?"

अल्फिया दाराच्या आत उभी राहून ऐकत होती. ती नेहमी मधे बोलते, पण तेव्हा बोलली नाही. मला तेच जास्त लागलं.

मग पालकांची सभा घेतली. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष कचरूभाऊ. स्वतःची तीन नातवंडं शाळेत. सभेत कळलं, की ज्यांच्याकडे मोटारसायकल आहे त्यांना वरची शाळा चालणार होती. एक जण म्हणाला, "वर सेमी इंग्रजी हाय. आमच्या पोरानं काय इथं म्हशीच्या बातम्याच ऐकायच्या का?" त्यावर हशा झाला. कचरूभाऊ हसले नाहीत. म्हणाले, "पोरं बसतेन गाडीवर बापाच्या मागं. पोरी कोन नेईल? दोन चक्करा मारनार हायेस का तू?"

मी गाडेकर साहेबांकडे गेले. साहेब वाईट माणूस नव्हेत. त्यांनी शिक्षक म्हणून चांगलं काम केलं होतं, मग पदोन्नती मिळाली आणि मोटारसायकलवर माहिती गोळा करत आयुष्य गेलं. निवृत्ती तोंडावर आली होती.

"साहेब, पिन हलवा. ती टपरीवर आहे. तुम्हाला माहीत आहे."

त्यांनी दार लोटून घेतलं. "मॅडम, पिन हलवायचा अर्ज वर गेला की पहिला प्रश्न येईल, लावली कुणी. दुसरा येईल, मग इतके दिवस यांची हजेरी कुठून लागली. तुम्हाला दोन्ही उत्तरं द्यायची आहेत का?"

"आम्ही तेव्हाच लिहून दिलं होतं."

"दिलं होतं. पण चौकशी म्हणजे चौकशी. कोण बरोबर होतं हे शेवटी कळतं, तोवर माणूस दमतो." त्यांनी टेबलावरच्या काचेवरचे कागद सारखे केले. "तुम्ही हर्सूलला राहता ना? शाळा मिसळली तर तुमचं समायोजन होणारच. समायोजन म्हणजे रिकाम्या जागेवर नेमणूक. हर्सूलच्या जवळ एक जागा आहे. मी शब्द टाकतो. घरापासून पायी जाल. ह्या वयात घाट कशाला उतरताय?"

मला मोह झाला. तो लपवून काय करू? घरापासून पायी शाळा, हे शब्द मी नोकरीभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकले होते. त्या रात्री नवरा म्हणाला, "घे की मग." मी म्हटलं, "बघते." पुढचे काही दिवस मी बघतच होते. रोज सकाळी टपरीवर तोंड वर्तुळात धरायची, समोर वरच्या शाळेची कमान दिसायची, आणि मी स्वतःला सांगायची, की मुलं काय, जुळवून घेतील. आमची बदली होते, मुलांची होत नाही, हे मला माहीत होतं. तरी सांगायची.

शेवटी मी आणि शेख सरांनी नवा अर्ज तयार केला. पिन चुकीची, अंतर चुकीचं, प्रत्यक्ष पाहणी करावी. सरांना शाळा मिसळणं पटत होतं, तरी त्यांनी सही केली. मी विचारलं, का. म्हणाले, "मिसळायची तर खऱ्या अंतरावर मिसळा. खोट्या अंतरावर कशाला?" अर्ज मी गाडेकर साहेबांच्या हातात न देता थेट गटशिक्षणाधिकारी मॅडमच्या ऑफिसात दिला. गटशिक्षणाधिकारी म्हणजे तालुक्याच्या शाळांच्या प्रमुख. या मॅडम नव्या होत्या, परीक्षा देऊन आलेल्या. अर्ज दिला आणि हर्सूलची जागा मनातून काढून टाकली. नीट निघाली नाही, पण काढली.

उत्तर काही आलं नाही. आलं ते थेट माणूस.

त्या दिवशी मी तिसरीला वजाबाकी घालत होते. अल्फिया खिडकीतून म्हणाली, "मॅडम, डोंगरावरून दोन मानसं उतरायलेत. एक बाई हाय. लई हळू उतरायली."

माथ्यावर काय झालं ते मला नंतर अजीजभाईंनी सांगितलं. गटशिक्षणाधिकारी मॅडम गाडेकर साहेबांना घेऊन पाहणीला निघाल्या. ड्रायव्हरने नकाशा लावला. नकाशा म्हणाला, आपण पोचलात. मॅडम उतरल्या तर समोर टपरी. त्यांनी मला फोन लावला, तो लागणार कसा? मग त्यांनी अजीजभाईंना विचारलं, "इथे शाळा कुठे आहे?" अजीजभाई म्हणाले, "शाळा व्हय? ती खाली हाय. मॅडम लोक इथं सकाळी येतेत, फोटो काढतेत, मग जातेत." एवढं सांगून त्यांनी दोघांना चहाही दिला. माणूस सरळ आहे.

ड्रायव्हर कच्च्या रस्त्याने गाडी घालायला तयार झाला नाही. दुचाकी कशीबशी उतरते, चारचाकीला धरणाच्या अंगाने लांबून फिरून यावं लागतं. मॅडम म्हणाल्या, चालत जाऊ. म्हणून त्या पायवाटेने उतरल्या, पुढे गाडेकर साहेब, हातात मॅडमची पर्स.

खोलीत आल्यावर त्या आधी पाणी प्यायल्या. मग माझ्याकडे पाहिलं. "हजेरी टपरीवरून लावता?"

"हो. पिन तिथे आहे. तेव्हाच कळवलं होतं, पोच आहे."

"त्याचं नंतर बघू."

त्यांनी मुलांची हजेरी घेतली, वाचून घेतलं, फळ्यावर गणित घातलं. अल्फियाने उत्तर सांगितलं आणि वर विचारलं, "तुमी कशाला आल्या?"

"शाळा बघायला."

"बंद कराया?"

मॅडम म्हणाल्या, "कुणी सांगितलं?" अल्फियाने माझ्याकडे पाहिलं नाही, एवढी अक्कल तिला होती. म्हणाली, "सगळेच म्हनतेत."

तोवर शाहीन कडेवर मुलगा घेऊन दारात आली होती. वस्तीत गाडी न येता साहेब आले, ही बातमी लगेच पसरली. मॅडमनी तिला समजावलं, चांगल्या शब्दांत. वर मोठी शाळा आहे, प्रत्येक वर्गाला शिक्षक आहेत, मुलींसाठी वाहनाची सोय करू.

शाहीनने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गाडी कुठून येईल, मॅडम? तुमची आली का?"

मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "पोरं ज्या वाटेने जाणार त्याच वाटेने मला वर न्या."

शेख सर शाळेत थांबले. मी, मॅडम आणि गाडेकर साहेब निघालो. उतरताना वाट बरी वाटते. चढताना तीच वाट दुसरी असते. मोकळे दगड, मधेच घाणेरीची झुडपं, उन्हाला आडोसा नाही. मला सवय होती, तरी माझे गुडघे बोलायला लागले. मॅडम वयाने लहान, पण पायात ऑफिसची सँडल. पहिल्यांदा वाट रस्त्यावर आली तिथे आम्ही बराच वेळ थांबलो, कारण वळणाच्या पलीकडून काय येतंय ते दिसत नाही. एक ट्रक अंगावरून गेल्यासारखा गेला. दुसऱ्यांदा रस्ता आला तिथे कट्टा होता. मॅडम उतरताना तो बहुधा रिकामा होता. कट्ट्यावर तीन-चार पोरं, दोन मोटारसायकली. एक जण म्हणाला, "ओ मॅडम, लिफ्ट देऊ का? मागची सीट रिकामीच हाय." बाकीचे हसले.

तालुक्याची अधिकारी तिथे उभी होती आणि त्या पोरांना ती नुसती एक बाई दिसत होती. मॅडमचा चेहरा उतरला. त्या पोरांना काहीतरी बोलतील असं मला वाटलं, पण त्या भरभर रस्ता ओलांडून पलीकडच्या चढाला लागल्या. मला त्यांचं वाईट वाटलं आणि, खरं सांगते, थोडं बरंही वाटलं. शाहीनचं म्हणणं अर्जात लिहिता आलं नसतं.

पुढच्या चढावर गाडेकर साहेब एका दगडावर बसले. घामाने शर्ट भिजला होता. पर्स मांडीवर ठेवून ते म्हणाले, "मॅडम, पिन मी लावली होती. खाली रेंज नव्हती. संध्याकाळपर्यंत भरायचं होतं."

"आणि यादीतलं अंतर कुणी तपासलं?"

"तेही मीच."

"इथे येऊन?"

"नकाशा बघून."

मी दुसरीकडे बघत होते. सगळी नोकरी काढलेल्या माणसाला असं बसलेलं बघवत नाही, त्याने आपली शाळा टपरीवर नेऊन ठेवली असली तरी.

"आधी पाणी प्या," मॅडम म्हणाल्या. "मग लेखी द्या."

पाच मिनिटांनी आम्ही पुन्हा चालायला लागलो. माथ्यावर पोचल्यावर त्यांनी मलाही सांगितलं, "तुमचाही खुलासा लागेल. टपरीवरच्या हजेरीचा." मी बरं म्हटलं. खुलासा म्हणजे 'असं का केलं' याचं लेखी उत्तर. आमच्या खात्यात खरं बोलणाऱ्यालाही तो द्यावाच लागतो.

काही आठवड्यांनी यादीतून बाभूळदरीचं नाव निघालं. गाडेकर साहेबांना नोटीस मिळाली, समज मिळाली, आणि पुढे ते शाल-नारळ घेऊन रीतसर निवृत्त झाले. निरोप समारंभात मला म्हणाले, "शेवटच्या पेपरात मार्क कमी केलेत तुम्ही." त्यात कडवटपणा नव्हता. मी त्यांच्या पाया पडले, वयाने मोठे होते.

पिन शाळेवर आली. ती जागेवर जाऊन लावायची, तर जागेवर रेंज नाही, म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी बसून कुणीतरी आकडे भरून ती हलवली. हे जमतं, हे तेव्हा कळलं. पिन जागेवर आल्यावर दुसरी अडचण झाली. आता हजेरी शाळेतच लागायला हवी आणि शाळेत रेंज नाही. टपरीवरून लावायला गेलं तर ॲप सांगतं, आपण शाळेच्या हद्दीबाहेर आहात. म्हणजे शाळा जागेवर आली आणि शिक्षक गैरहजर झाले. दर महिन्याला नोटीस येते, दर महिन्याला मी खुलासा देते. मजकूर तोच. मॅडमनी कागदी हजेरी तात्पुरती चालवून घेतली आहे. ॲपच्या पुढच्या सुधारणेत काहीतरी होईल, असं सांगतात.

लोक म्हणतात, बाईंनी शाळा वाचवली. शेख सर म्हणत नाहीत. मधल्या काळात शाळा बंद होणार, ही बोलवा पसरली होती. मोटारसायकलवाल्या बापांनी आपापली मुलं आधीच वर नेऊन घातली. ती परत आली नाहीत. आता शाळेत बहुतेक मुलीच आहेत. सर म्हणाले, "मॅडम, अल्फिया पाचवीत गेली. पुढची सहावी वरच आहे. मग काय?"

मला तो प्रश्न आधीच माहीत होता. मी त्याच्याकडे पाठ करून बसले होते, एवढंच. शाहीनलाही माहीत होता. नाव यादीतून निघालं त्या दिवशी मी मुद्दाम सांगायला गेले, तर ती म्हणाली, "अच्छा हुआ. पाचवी तक की फिकिर नई." पाचवीनंतरचं तिने विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. अल्फिया म्हणाली, "मैं जाऊंगी वर." आई म्हणाली, "चूप."

शनिवारी आमच्याकडे दप्तराविना शाळा असते. खेळ, गाणी, परिसर भेट, काय हवं ते घ्या. मी परिसर भेट घेते. मुलींना घेऊन घाटाची पायवाट चढते. अहवालात लिहिते, 'परिसरातील वनस्पतींची ओळख'. घाणेरीची ओळख आता सगळ्यांना पाठ आहे. रस्ता ओलांडताना कुणी पुढे थांबायचं, कुणी मागे, हे अल्फिया ठरवते. कट्ट्यावरची पोरं पहिल्या शनिवारी हसली. आम्ही तिथेच त्यांच्यासमोर थांबलो आणि मी मुलींना कविता म्हणायला लावली, सगळी कडवी. त्यातल्या एकाला मी पूर्वी दुसऱ्या शाळेत शिकवलं होतं. तो उठून गेला. बाकीचे अजून बसतात, पण बोलत नाहीत. निदान आम्ही असताना नाही.

गुडघ्याचे डॉक्टर मला चढ बंद करा म्हणतात. त्यांनाही मी बरं म्हणते.

मी शाहीनला दर शनिवारी बोलावत होते. आधी म्हणाली, काम आहे. मग म्हणाली, मुलाला ताप आहे. मागच्या शनिवारी आली. मुलगा कडेवर, डोक्यावर ओढणी घट्ट. पहिला रस्ता आला, तो तिने ओलांडला. दुसऱ्या रस्त्याला कट्टा दिसला तशी ती थांबली. बराच वेळ कट्ट्याकडे बघत राहिली. तिथे त्या दिवशी कुणीसुद्धा नव्हतं.

"चल ना, अम्मी," अल्फिया म्हणाली.

"इतकंच बस आज," शाहीन म्हणाली, आणि वळून उतरायला लागली.

पिन हलवायला दोन अर्ज आणि एक अधिकारी लागला. शाहीनसाठी कुणाकडे अर्ज करायचा ते मला माहीत नाही, म्हणून शनिवार धरून आहे. पाचवी संपायला अजून वेळ आहे आणि शाहीनचा अर्धा घाट झाला आहे.